मांडव्याहून दिसणारं पानिपत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' आणि 'काय म्हणतात ते' जमतील तेवढे काढलेत. थोडे राहिले असतील, तर चालवून घ्या. हा भाग मांडवा जेट्टीजवळ रेकॉर्ड केलाय, त्यामुळे ऑडिओत मधेच रो-रोचा भोंगा वाजतो आणि एक कावळा सबंध पानिपतभर ओरडतोय. इथे तो नाही, एवढाच वाचणाऱ्यांचा फायदा.

विषय आहे जयंत नारळीकरांची विज्ञानकथा. पण 'विज्ञानप्रसारक नारळीकर' आपल्याला शाळेपासून माहीत आहेत, त्यामुळे त्यांच्यावर बोलत नाही. मला बोलायचंय ते त्यांच्यातल्या थट्टेखोर माणसाबद्दल. गंभीर चेहऱ्याने चिमटा काढायचा आणि आपल्याला तो घरी गेल्यावर कळायचा, असला हा लेखक. त्यांची एक कथा वाचून मला आमच्या घरातलं एक जुनं भांडण जरा वेगळं दिसायला लागलं. तेही सांगतो, पण शेवटी.

आधी थोडी पार्श्वभूमी

मराठीत विज्ञानकथा आली तीच मुळी एका कवीच्या हाताने. कृष्णाजी नारायण आठल्ये हे कराडजवळच्या टेंभूचे. आगरकरांचा जन्मही टेंभूचाच. आठल्ये कवी, चित्रकार आणि 'केरळकोकीळ' मासिकाचे संपादक. ते मासिक १८८६ साली सुरू झालं आणि त्याचं संपादन ते थेट कोचीनहून करायचे. एकोणिसावं शतक संपता संपता त्यांनी ज्यूल व्हर्नची चंद्रावर जाण्याची कादंबरी मराठीत आणली आणि 'चंद्रलोकची सफर' या नावाने मासिकातून क्रमशः छापली. आर्या आणि श्लोक रचणारा माणूस तोफेतून चंद्रावर गोळा सोडण्याचा हिशेब मराठीत मांडत होता, हे मला फार आवडतं.

त्याच काळात आमच्या किनाऱ्यावर काय चाललं होतं बघा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या. त्यांच्या विजेमुळे कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून ती वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली. मांडव्यापासून वीसेक किलोमीटरवर आजही ती आहे. म्हणजे मराठी वाचक कागदावर चंद्राची सफर करत होते तेव्हा अलिबागला पृथ्वीच्या चुंबकत्वाची रोजची नोंद सुरू झाली होती. कल्पना पुस्तकात होती आणि विज्ञान शेजारच्या गावात, पण दोघांची भेट व्हायला बराच वेळ लागला.

मधल्या काळात नाथमाधव, भा. रा. भागवत, नारायण धारप अशी मंडळी येऊन गेली. व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणून बसवलं ते भागवतांनी. पण स्वतः विज्ञान करणाऱ्या माणसाने कथा लिहायची, ही गोष्ट जोरात आली १९७४ साली. आणि ती आली खोट्या नावाने.

नारायण विनायक जगताप

मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली होती. नारळीकर तेव्हा मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. केंब्रिजला फ्रेड हॉइलबरोबर गुरुत्वाकर्षणावर काम करून परत आलेले, आणि देशभर नाव झालेलं. स्वतःच्या नावाने कथा पाठवली तर परीक्षक कथेऐवजी नाव वाचतील, ही भीती होती. म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी केली. ज. वि. ना. चं झालं ना. वि. ज., म्हणजे नारायण विनायक जगताप. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंनी कथा उतरवून दिली. 'कृष्णविवर' हे त्या कथेचं नाव. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं.

यातला मला सगळ्यात आवडणारा तपशील वेगळाच आहे. नारळीकरांनीच सांगितलंय की ही कथा लिहायला सुरुवात झाली अहमदाबादच्या एका परिषदेत. समोरचं भाषण कंटाळवाणं होतं, हातात कागद होता, मग लिहायला घेतलं. मी रोज सकाळी ज्या मीटिंगला बसतो ती आठवा. कॅमेरा बंद, माइक म्यूट आणि पंधरा जण एकाच वेळी दुसरंच काहीतरी करतायत. आमच्या मीटिंगमधून अजून तरी साहित्य निर्माण झालेलं नाही. पण सभा, भाषणं आणि अध्यक्ष यांच्याबद्दल नारळीकरांच्या मनात काय साठत असेल, याचा अंदाज आपल्याला येतो. ते पुढे बाहेर पडणारच होतं.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी आपल्या भाषणात या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली. १९७९ ला 'यक्षांची देणगी' आलं, मग 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस'. 'वामन' १९८६ चं आहे. स्वतःसारखे यंत्रमानव स्वतःच तयार करायला निघालेला एक यंत्रमानव आणि त्याच्यापुढे हळूहळू बुटकी होत जाणारी माणसं, अशी ती कादंबरी. नावातच थट्टा आहे: तीन पावलं जमीन मागणारा बुटका बटू, आणि आपण खुशीने 'घे' म्हणतो. गेल्या वर्षी आमच्या टीमला एक काम मिळालं, आपण करतो तेच काम एका एआय टूलला शिकवण्याचं. त्या आठवड्यात मी रात्री 'वामन' परत वाचली. हसू येत होतं, पण झोप लागली नाही.

असो. आजची कथा दुसरी आहे.

पंत, सभा आणि टोमॅटो

'गंगाधरपंतांचे पानिपत'. देशभरच्या बऱ्याच मुलांनी ही कथा अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात 'द ॲडव्हेंचर' या नावाने वाचली आहे. माझा कानपूरचा रूममेट मला सांगायचा, "वो प्रोफेसर गायतोंडे वाली ना?" मूळ कथा मराठी आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि ती त्याच्या पाठ्यपुस्तकात आहे हे मला माहीत नव्हतं. पुढे गोष्ट फुटणार आहे, तेव्हा वाचली नसेल तर इथे थांबा आणि आधी ती वाचून या.

गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे मोठे अभ्यासक. पाच खंडांचा इतिहास लिहिलेले. आणि सभांचे अध्यक्ष. आत्तापर्यंत ९९९ सभांचं अध्यक्षपद भूषवून झालंय, आणि हजारावी सभा पानिपतावरच्या परिसंवादाची असणार आहे. पानिपताचा निकाल उलटा लागला असता तर काय झालं असतं, या विचारात ते रस्त्याने चालले असताना त्यांना एका ट्रकची धडक बसते. शुद्धीवर येतात ते वेगळ्याच हिंदुस्थानात. तिथे १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागलेलीच नाही. ती कानाला चाटून गेली. मराठे जिंकले, कंपनीचा विस्तार थांबला, पेशव्यांनी युरोपातलं बदलतं तंत्रज्ञान ओळखून स्वतःची विज्ञानकेंद्रं काढली, आणि विसाव्या शतकापर्यंत देश आपल्याआपण लोकशाहीकडे आला.

हे पंतांना कळतं कसं? मुंबईच्या टाउन हॉलच्या ग्रंथालयात. स्वतःचेच पाच खंड ते तिथे वाचतात. पहिले चार जसेच्या तसे. पाचव्यात मात्र इतिहास फुटतो. स्वतः लिहिलेलं पुस्तक वाचायचं आणि त्यात काय लिहिलंय ते आपल्याला माहीत नाही! सहा महिन्यांपूर्वीचा स्वतःचा कोड उघडल्यावर मला नेमकं असंच होतं.

आता थट्टा बघा. पानिपत जिंकणं हे आपल्या समाजाचं सगळ्यात जुनं स्वप्न. अडीच शतकं आपण ते बघतोय. 'पानिपत झालं', 'विश्वास गेला पानिपतात' असं रोजच्या बोलण्यात म्हणतोय. नारळीकर ते स्वप्न पंतांना देऊन टाकतात, अगदी आयतं. आणि मग पंत त्या जिंकलेल्या देशात काय करतात? संध्याकाळी आझाद मैदानावर एक व्याख्यान चाललेलं दिसतं. मंचावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी. लोहचुंबकाकडे टाचणी ओढली जावी तसे पंत जाऊन त्या खुर्चीत बसतात. पण त्या देशात अध्यक्ष ही प्रथाच बंद झालेली आहे. लोक वक्त्याला ऐकायला येतात, अध्यक्षीय समारोप ऐकायला येत नाहीत. पंत तरीही माइक धरून बोलायला लागतात, आणि श्रोत्यांकडून टोमॅटो, अंडी आणि हाताला येईल त्याचा वर्षाव होतो.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा फक्त हसलो. नंतर लक्षात आलं की ही कथा दोन गोष्टी एकदम सांगते. सैद्धांतिक भाग पंतांचे मित्र राजेंद्र देशपांडे समजावतात: पुंजभौतिकीतली अनिश्चितता, एकाच क्षणातून फुटणारी अनेक जगं. बाराशे पानांच्या इतिहासात कुठेतरी एक गोळी तिळभर इकडेतिकडे जाते. दुसरी गोष्ट कुणी समजावत नाही, ती टोमॅटो सांगतात. इतिहास बदलेल, माणूस तोच राहील. जिंकलेल्या जगातही पंतांना खुर्चीच दिसली.

पण मुंबई का नाही मिळाली?

आता इथे माझा स्वतःचा एक मुद्दा. हा समीक्षकांचा नाही, मांडव्याच्या माणसाचा आहे.

कथेतल्या त्या विजयी हिंदुस्थानात पंत पुण्याहून रेल्वेने मुंबईला येतात. मुंबईच्या अलीकडे गाडी थांबते आणि परवाने तपासले जातात, कारण तिथून पुढे ब्रिटिश हद्द सुरू होते. मुंबई इंग्रजांकडेच आहे, २००१ पर्यंतच्या भाडेपट्ट्याने. पंत स्टेशनात उतरतात ते साहेबाच्या शहरात.

मी हे वाचत होतो जेट्टीवर. समोर पाणी, पाण्यापलीकडे धुरकट मुंबई. मला एकदम वाटलं, अरे, त्या जगात मांडवा ही सरहद्द आहे! भाऊच्या धक्क्याला जायला मला परवाना काढावा लागला असता. रो-रोवर गाडी चढवायच्या आधी कुणीतरी शिक्का मारला असता.

मग आठवलं की हे आपल्या खऱ्या जगातही होतं. इंग्रजांनी मुंबईचा ताबा घेतला १६६५ मध्ये. अलिबागच्या आंग्र्यांचं कुलाबा संस्थान कंपनीने वारस नाही म्हणून खालसा केलं १८४० मध्ये. मधली पावणेदोनशे वर्षं या पाण्याच्या एका काठावर एक सत्ता होती आणि दुसऱ्या काठावर दुसरी. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी थळच्या समोर खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रज एवढे अस्वस्थ झाले की गलबतं घेऊन ते अडवायला आले, आणि मायनाक भंडारी आणि दौलतखानाच्या आरमाराने त्यांना ते जमू दिलं नाही. १७२१ ला इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. आणि परवान्याचं म्हणाल, तर कान्होजी आंग्रे या समुद्रातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडे आपलं दस्तक मागायचे. म्हणजे शिक्का मारणारे आपण होतो. इंग्रजांना राग होता तो याचाच.

मग असं असताना, पानिपत जिंकलेल्या जगातही मुंबई आपल्याला का मिळाली नाही?

कथेत याचं कारण व्यापारी सोय असं येतं. पण मी सॉफ्टवेअरवाला माणूस. मला हा प्रश्न गिटच्या ब्रँचसारखा दिसतो. ब्रँच कुठे फुटली? १४ जानेवारी १७६१ ला. मग त्याच्या आधीचे सगळे कमिट दोन्ही जगांत सारखेच असणार. विश्वासराव वाचले तरी १७६० बदलत नाही. आणि १७५६ तर नाहीच नाही.

१७५६ ला काय झालं? विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार होतं. तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांचं फाटलं होतं. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, समुद्रावर कुणालाच सोडत नव्हते, आणि आंग्रे घराण्यातच दोन तुकडे झालेले होते. आमच्या कुलाब्याची शाखा पेशव्यांच्या बाजूने, विजयदुर्गची विरोधात. पेशव्यांनी तुळाजींना आवरायला इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ ला सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रातून ॲडमिरल वॉटसन आणि जमिनीवर रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. इंग्रजांचा एक तोफगोळा बंदरातल्या एका जहाजावर पडला, ते पेटलं, आणि त्याची आग शेजारी नांगरून ठेवलेल्या बाकीच्या आरमाराला लागली. गुराबा, गलबतं, काही उरलं नाही.

पानिपतला एक गोळी होती, तर विजयदुर्गला एक गोळा.

तोच वॉटसन आणि तोच क्लाइव्ह तिथून पुढे बंगालला गेले. २३ जून १७५७, प्लासी. विजयदुर्ग ते प्लासी, फक्त सोळा महिने. आणि प्लासीनंतर साडेतीन वर्षांनी पानिपत.

म्हणजे नारळीकरांनी विश्वासरावांना वाचवलं तेव्हा कोकणचं आरमार जळून पाच वर्षं झालेली होती. त्या ब्रँचमध्ये जमीन जिंकता येते, पण समुद्र कुठून आणणार? मुंबई इंग्रजांकडे राहणारच. नारळीकरांनी हा हिशेब मुद्दाम केला होता की नाही, यावर मी काही म्हणत नाही. पण गणित बरोबर बसतं. आणि देशावरच्या माणसाला पानिपतची जखम जशी रोज दुखते तशी विजयदुर्गची दुखत नाही, कारण पानिपतला आपल्याला दुसऱ्याने हरवलं. विजयदुर्गचं कारण सांगायला गेलं की घरातल्या माणसांची नावं घ्यावी लागतात.

इथे एक सावधगिरी. मी लगेच 'जर नानासाहेबांनी आरमार वाचवलं असतं तर' अशी नवी ब्रँच काढून बसलो तर मीही पंतच झालो. तुळाजींचं आरमार टिकलं असतं म्हणून ते पेशव्यांच्या कामाला आलं असतं, असं कुठे आहे? दोघांची तर लढाई चालू होती. एक कमिट बदलून बाकीचे तसेच ठेवता येत नाहीत. मर्ज करताना एवढे कॉन्फ्लिक्ट येतात की शेवटी माणूस लॅपटॉप बंद करून चहा प्यायला जातो.

आमच्या घरचं पानिपत

आता घरचं सांगतो.

आमची इथे नारळी-पोफळीची वाडी होती. फार मोठी नाही, पण रस्त्याला लागून. बाबांनी ती २०१५ मध्ये विकली. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून रो-रो सुरू झाली, लोक मुंबईहून गाडीत बसल्या बसल्या मांडव्याला उतरायला लागले, आणि जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. आमच्या वाडीच्या जागी आता निळ्या पाण्याचा तलाव असलेला बंगला आहे. त्याचं एका रात्रीचं भाडं ऐकून आजी म्हणाली होती, "एवढ्यात तर आपली गाय आली असती."

तेव्हापासून दर गणपतीत काका डोंबिवलीहून येतात, आरती होते, मोदक होतात, आणि जेवणं झाली की काका पाटावरून उठता उठता म्हणतात, "दादा, पाच वर्षं थांबला असतास तर..." वाक्य पुरं करत नाहीत. करायची गरज नसते. बाबा काही बोलत नाहीत. पानं उचलतात. अशी पाच-सहा वर्षं गेली. आमच्या घरातलं ते पानिपत, आणि बाबा आमचे भाऊसाहेब.

मीही मनातून काकांच्याच बाजूचा होतो, हे कबूल करतो. बंगल्यासमोरून बाइक नेताना मीही हिशेब करायचो. गुंठ्याला एवढे, तर एवढ्या गुंठ्यांना किती. बंगलोरला जाऊन नोकरी करायची गरज नव्हती, हप्ते नव्हते, काही नव्हतं. त्या ब्रँचमध्ये मी फार सुखी होतो.

विजयदुर्गचा तो हिशेब जेट्टीवर बसून केला त्या दिवशी सवयीने मी आमच्या ब्रँचचाही लॉग मागे मागे बघत गेलो. २०१५, वाडी विकली. त्याच्या आधी? २०१५, माझा बीटेकचा प्रवेश, पहिल्या वर्षाची फी आणि हॉस्टेल. २०१४, आजीची बायपास. २०१४, त्यासाठी घेतलेलं कर्ज. म्हणजे वाडी विकायच्या आधीच आमचं आरमार जळालेलं होतं. बाबांनी विकली ती फक्त राख. आणि विकली नसती तर? रो-रोची वाट बघत बसलेला, पण इंजिनियर न झालेला मी. आणि कदाचित, हे लिहायलाही नको वाटतं, पण आजी नसलेलं घर. 'गाय आली असती' म्हणायला आजी नसती. माझ्या सुखी ब्रँचमध्ये मी हे दोन कमिट गुपचूप ठेवून घेतले होते आणि फक्त तिसरा पुसला होता.

घरी येऊन मी बाबांना कथा वाचून दाखवली. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, वाचायला त्रास होतो. बाबा तसे गोष्टी ऐकणाऱ्यातले नाहीत. पण पूर्ण ऐकली. टोमॅटोच्या जागी मनापासून हसले. मग म्हणाले, "त्या पंतांनी आधी विचारायला हवं होतं ना, खुर्ची रिकामी का आहे म्हणून."

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला कधी वाटतं का, वाडी ठेवायला हवी होती?"

थोडा वेळ गेला. म्हणाले, "वाटतं की. रोज वाटतं. पण मला ना, भावाचं वाटत नाही. त्या कोपऱ्यातल्या दोन पोफळी मी लावलेल्या होत्या."

मी सगळा हिशेब रुपयांत करत होतो. त्यांचा दोन पोफळींचा होता. मला उत्तर सुचलं नाही.

मग आले गणपती. आरती, मोदक, जेवणं. काका उठता उठता म्हणाले, "दादा, पाच वर्षं थांबला असतास तर..."

बाबा पानं उचलत होते. वर न बघता म्हणाले, "त्याच्या आदल्या वर्षाचं सांग की. हॉस्पिटलच्या बाकावर बसून 'विकून टाक, दादा' कोण म्हणालं होतं?"

सगळे गप्प. मला वाटलं, आता खरं पानिपत. पण काका बाबांकडे बघत राहिले, मग आजीकडे बघितलं. आजी शांतपणे मोदकावर तूप घेत होती. काका परत पाटावर बसले. म्हणाले, "मीच म्हणालो होतो. अजून एक मोदक वाढ."

एवढंच. भांडण मिटलं असं म्हणणार नाही. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. पण या खेपेला पानं काकांनीही उचलली.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. त्या दिवशी सगळीकडे कृष्णविवर, हॉइल, आयुका, पद्मविभूषण असं बरंच आलं, आणि ते यायलाच हवं होतं. मला मात्र अहमदाबादच्या कंटाळवाण्या परिषदेत मान खाली घालून लिहिणारा माणूस दिसत होता. समोर भाषण चाललंय, आणि हा गृहस्थ उलट्या आद्याक्षरांचा जगताप होऊन दुसऱ्या जगात गेलाय. फरक इतकाच की परत येताना त्याने आपल्यासाठी पुरावा आणला. पंतांच्या खिशात राहून गेलेल्या बखरीच्या फाटक्या पानासारखा. त्या पानावर गोळी कानाला चाटून गेलेली असते, आणि आपल्या खऱ्या बखरीत तिने प्राण घेतलेला असतो. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचायची, आणि कुठलंच फाडायचं नाही.

पुढच्या भागात खांदेरीला जाऊन येणार आहे, समुद्र परवानगी देईल तसा. पावसाळ्यात लहान लाँच बंद असतात, तेव्हा भाग उशिरा आला तर वैतागू नका. तुमच्या घरात एखादं 'थांबला असतास तर' असेल, तर त्याच्या आदल्या वर्षाचं आठवून बघा. आठवलं तर मला कळवा. नाही आठवलं, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्यांच्याकडे लॉग असतो.

भेटूच.